जिथे कोणी नसतं, तिथे मोडेम कार्ड बसवताना

मोडेम कार्ड पॅनेलमध्ये बसवायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. बाकीचा अख्खा दिवस जातो तो आपण निघून गेल्यावर ते कार्ड आपलं आपण सावरेल ना, याची खात्री करण्यात. हे मी एका फेरीत शिकले. सुरुवातीच्या काळात बसवलेलं एक कार्ड दहा दिवस उत्तम चाललं आणि अकराव्या दिवसापासून नंबर कायम एंगेज लागायला लागला. तीन तासांचा प्रवास करून पंपघरात पोचले, पॅनेलचं दार उघडलं, तर ‘ओएच’ (ऑफ हुक, म्हणजे फोन उचललेला) लिहिलेला लाल दिवा पेटलेला. मोडेमने फोन उचलून धरला होता आणि पलीकडे कोणीच नव्हतं. सप्लाय बंद करून पुन्हा चालू केला, दिवा विझला, काम संपलं. कार्डात काही बिघाड नव्हता. मोडेमच्या सेटिंगचा आकडा ठेवणाऱ्या एस१० या रजिस्टरमध्ये मी २५५ भरलं होतं, आणि त्याचा अर्थ होतो ‘पलीकडच्या मोडेमचा सूर बंद झाला तरी झाला असं मानू नकोस’. मोडेमने सांगितलेलं तंतोतंत ऐकलं होतं.

पुढचं सगळं लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर अशीच जागा आहे: एका टोकाला आरटीयू (दूरच्या जागी मोजमाप आणि नियंत्रण करणारं यंत्र), त्यात पीसी/१०४ पद्धतीचा, म्हणजे एकावर एक बसणाऱ्या कार्डांचा स्टॅक, वर मोडेम कार्ड, बाहेरून आलेली फोनची तांब्याची जोडी. दुसऱ्या टोकाला कंट्रोल रूममधला संगणक, जो दिवसातून काही वेळा फोन लावून मॉडबस या औद्योगिक यंत्रांच्या संवाद-पद्धतीने रीडिंग घेतो. तुमचं कार्ड आयसा (संगणकातल्या जुन्या पद्धतीच्या) स्लॉटचं असलं तरी फरक फक्त ते बसवण्यात पडतो.

मोडेमला द्यायच्या आज्ञा मी इथे उच्चारानुसार देवनागरीत लिहिते आहे. टर्मिनलवर त्या रोमन कॅपिटल अक्षरांत टाकायच्या. प्रत्येक आज्ञेच्या सुरुवातीला येणाऱ्या एटी मधलं एक अक्षर मोठं आणि एक लहान असं केलं तर बहुतेक मोडेम उत्तर देत नाहीत.

कार्ड निवडताना दोन गोष्टींवर मी तडजोड करत नाही. पहिली, मोडेमचा स्वतःचा कंट्रोलर कार्डावर हवा. काही स्वस्त कार्डं निम्मं काम संगणकाच्या प्रोसेसरवर ढकलतात आणि त्यासाठी विशिष्ट ड्रायव्हर लागतो. आरटीयूसारख्या जागी त्यांचा उपयोग नाही. दुसरी, तापमान. साध्या ऑफिसच्या कार्डाला ० ते ७० अंश चालतं. औद्योगिक कार्ड उणे ४० ते ८५ अंशांपर्यंतचं मिळतं. दार बंद असलेलं पॅनेल उन्हात किती तापतं हे ज्याने दुपारी ते उघडून पाहिलं आहे, त्याला यावर वेगळं काही सांगावं लागत नाही. जमलं तर सिरीयल चिप १६५५०ए जातीची आहे ना, तेही बघा. तिच्यात १६ बाइटचा बफर असतो, त्यामुळे प्रोसेसर क्षणभर दुसरीकडे गुंतला तरी अक्षरं सांडत नाहीत.

कार्ड बसवण्यापूर्वी जंपर (पत्ता आणि इंटरप्ट ठरवणाऱ्या छोट्या टोप्या) लावून घ्या, कारण स्टॅकमध्ये गेल्यावर तिथे बोटं पोचत नाहीत. कॉम १, म्हणजे पहिल्या सिरीयल पोर्टचा पत्ता ३एफ८ आणि इंटरप्ट (प्रोसेसरचं लक्ष वेधणारी लाईन) ४, कॉम २ चा २एफ८ आणि ३. कॉम ३ चा ३ई८ आणि कॉम ४ चा २ई८, पण या दोघांचे परंपरागत इंटरप्ट पुन्हा ४ आणि ३ च आहेत. घोळ होतो तो इथेच. आयसा आणि पीसी/१०४ च्या बसवर दोन कार्डांनी एक इंटरप्ट वाटून घेणं भरवशाचं नसतं. आरटीयूवर आधीच दोन सिरीयल पोर्ट असतात, म्हणून मी मोडेमला ३ई८ हा पत्ता आणि इंटरप्ट ५ देते (५ दुसऱ्या कोणी घेतला नसेल तर). लिनक्स असेल तर सेटसिरीयलने तो बदल सांगावा लागतो, नाहीतर ते तिसऱ्या पोर्टसाठी ४ च धरून चालतं.

मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधा. पॅनेलचा सप्लाय बंद, बॅटरीची फ्यूजही काढलेली. पीसी/१०४ च्या पिना उघड्या असतात, १०४ पिना दोन कनेक्टरमध्ये. खालच्या कार्डावर अलगद टेकवा, चारी बाजूंनी पिना भोकांच्या तोंडाशी आल्या आहेत हे बाजूने डोळे लावून बघा, मग दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब द्या. एका कोपऱ्यावर जोर दिला की टोकाची पिन वाकते, आणि ती पिन स्टॅक पूर्ण बसल्यावर दिसत नाही. काढतानाही एका बाजूने उचकटू नका. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं हलवत वर आणा. कोपऱ्यांचे चारही स्टँड-ऑफ (कार्डांना आधार देणारे छोटे खांब) लावा. पंपाच्या कंपनांनी महिन्याभरात सैल होणारं कार्ड मी पाहिलं आहे, आणि त्या पॅनेलमध्ये चारांपैकी दोनच स्क्रू होते.

लाईन जोडण्याआधी मोजा. फोन ठेवलेला असताना जोडीवर साधारण ४८ व्होल्ट डीसी दिसायला हवा. साधा फोन जोडून उचलला की तो दहाच्या आसपास किंवा खाली येतो. ४८ ऐवजी तीस-पस्तीसच दिसत असेल तर बहुधा कुठेतरी ओल शिरली आहे. रिंग वाजते तेव्हा त्याच तारांवर ९० व्होल्टपर्यंत एसी येतो, म्हणून उघडी टोकं बोटात धरून कोणाला ‘जरा फोन लाव’ म्हणू नका, झटका चांगलाच बसतो. मोजून झालं की साधा फोन कानाला लावा, एक आकडा दाबून डायल टोन घालवा आणि शांत लाईन ऐका. खर्जातली गुणगुण ऐकू आली तर कुठेतरी जोडीची एक तार जमिनीला टेकली आहे. करकर ऐकू आली तर जोड सैल आहे. तुमच्या कानाला त्रास होतो तो आवाज मोडेमलाही होतो, फक्त तो सांगत नाही, फोन ठेवून देतो.

पॅनेलच्या आत फोनची जोडी पिळलेलीच ठेवा आणि मोटरच्या, विशेषतः व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्राच्या) केबलपासून लांबून न्या. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. विजेच्या लाटेपासून वाचवणारा सर्ज प्रोटेक्टर लावाच, पण त्याची अर्थिंग पॅनेलच्या त्याच अर्थ बारला, जाड आणि आखूड तारेने. फोनसाठी बाहेर वेगळी अर्थ रॉड ठोकली आणि ती मुख्य अर्थिंगला जोडली नाही, तर जवळ वीज पडल्यावर दोन अर्थिंगमध्ये हजारो व्होल्टचा फरक उभा राहू शकतो, आणि त्या दोघांच्या मधोमध असतं आपलं कार्ड. त्याच लाईनवर समांतर लावलेला फोन असेल तर काढून टाका. ऑपरेटरने सहज तो उचलला की कनेक्शन तुटतं. लाईनवर कॉल वेटिंग असेल तर बंद करून घ्या. तो ‘टूं’ आवाज मोडेमच्या सुरात खंड पाडतो.

आता टर्मिनल (मोडेमला आज्ञा टाइप करायचा प्रोग्राम) उघडा, ९६०० बीपीएस (सेकंदाला बिट), ८ बिट, पॅरिटी (चूक ओळखायचा जादा बिट) नाही, १ स्टॉप बिट. एटी टाकून एंटर. ओके आलं तर उत्तम. काहीच आलं नाही तर बहुधा पत्ता चुकलाय. पण तिसरी एक अवस्था असते आणि नवीन माणूस तिच्यात अर्धा दिवस घालवतो: एटी टाकलं की काही होत नाही, काही सेकंदांनी अचानक एटी आणि ओके दोन्ही एकदम उमटतात, पुढचं अक्षर टाकलं की पुन्हा तसंच. म्हणजे पत्ता बरोबर आहे, इंटरप्ट चुकला आहे. पोर्ट अधूनमधून आपणहून डोकावतो तेव्हाच त्याला अक्षरं सापडतात. जंपर आणि सॉफ्टवेअरची सेटिंग समोरासमोर ठेवून तपासा.

एटी आज्ञांची ही पद्धत हेजच्या १९८१ मधल्या ३०० बीपीएसच्या स्मार्टमोडेमबरोबर आली आणि अजूनही मूळ आज्ञा त्याच आहेत. अँपरसँड आणि तिरक्या रेघेच्या पुढच्या आज्ञा मात्र प्रत्येक चिपनुसार बदलतात. मी देते त्या रॉकवेल-कोनेक्संट घराण्याच्या चिपवर चालतात. तुमच्या कार्डाचं मॅन्युअल शेजारी उघडं ठेवा.

पहिल्यांदा एटी&एफ, म्हणजे कारखान्यातून आला तसा कोरा. आधीच्या माणसाने काय भरलं होतं यावर काहीही रचू नका. मग उत्तर देण्याची बाजू: एटीएस०=२. दुसऱ्या रिंगला फोन उचल. शून्य ठेवलं तर मोडेम कधीच उचलणार नाही, आणि १ मी ठेवत नाही, कारण लाईनवर विजेचा एखादा धक्का आला तरी काही कार्डं त्याला रिंग समजतात.

मग फोन ठेवण्याची बाजू, आणि माझा जीव इथे अडकलेला असतो. मोडेमने फोन उचलणं सोपं आहे. नेमक्या वेळी ठेवणं महत्त्वाचं. यासाठी तीन वेगवेगळे उपाय एकाच वेळी लावा, म्हणजे दोन फसले तरी तिसरा राहतो. एस१० म्हणजे सूर गेल्यावर किती थांबायचं, एकक सेकंदाचा दहावा भाग. मूळ किंमत बहुधा १४ असते. खराब लाईनवर मी ३० करते, म्हणजे ३ सेकंद. क्षणभराच्या खरखरीला मोडेम घाबरत नाही आणि खरोखर फोन तुटला तर लगेच ठेवतो. &डी२ म्हणजे कंट्रोलरने (इथून पुढे कंट्रोलर म्हणजे आरटीयू) डीटीआर, म्हणजे ‘मी तयार आहे’ हा सिग्नल खाली आणला की फोन ठेव. आरटीयूच्या प्रोग्राममध्ये सुरू होतानाच डीटीआर एकदा खाली-वर करायला लावा. आणि एस३० हा निष्क्रियतेचा टायमर: इतका वेळ एकही बाइट गेला-आला नाही तर फोन ठेव. बऱ्याच चिपवर त्याचं एकक १० सेकंद आहे, म्हणून १२ भरलं की दोन मिनिटं. काही कार्डांत एकक मिनिटाचं आहे, तेवढं बघून भरा.

तुमच्या उपकरणाच्या पोर्टला टीएक्स (पाठवणारी), आरएक्स (घेणारी) आणि ग्राउंड अशा तीनच तारा असतील तर डीटीआर नाहीच. मग &डी० ठेवावं लागतं, नाहीतर मोडेम फोन उचलणारच नाही. अशा वेळी एस३० हा चैनीचा भाग राहत नाही, तो हवाच.

एस७ म्हणजे पलीकडच्या मोडेमचा सूर किती सेकंद शोधायचा. ५० पुरे. रॉंग नंबर लागला तर तेवढा वेळ लाईन अडकते, मग सुटते.

आता मॉडबसकडे येऊ. सगळ्यात जास्त तक्रारी इथून येतात: ‘मोडेम जोडला जातो, पण डेटा येत नाही.’ मॉडबसच्या ‘आरटीयू’ नावाच्या प्रकारात (पॅनेलमधला आरटीयू वेगळा) संदेश कुठे संपला हे शांततेवरून ओळखतात. साडेतीन अक्षरांएवढी शांतता म्हणजे संदेश संपला. ९६०० बीपीएसला एका अक्षराचे ११ बिट धरले तर ही शांतता फक्त ४ मिलिसेकंदांची होते. मोडेम मात्र आपल्या भल्यासाठी व्ही.४२ ची चूकदुरुस्ती आणि व्ही.४२बिसचं कॉम्प्रेशन चालू करतो. त्यासाठी तो अक्षरं गोळा करतो, गठ्ठा बांधतो, पाठवतो, पावती मागतो. पलीकडे एकसंध निघालेला संदेश मध्येच वीस-तीस मिलिसेकंदांची फट घेऊन पोचतो. घेणारा समजतो, दोन अर्धवट संदेश आले. सीआरसी (संदेशाच्या शेवटचा तपासणीचा आकडा) जुळत नाही, तो दोन्ही टाकून देतो आणि गप्प बसतो. दोन्ही बाजूंचे लोक वायरिंग तपासत राहतात.

उपाय म्हणजे चूकदुरुस्ती बंद करायची: एटी\एन०. कॉम्प्रेशन बंद: एटी%सी०. मॉडबसकडे स्वतःचा सीआरसी आहे, त्यामुळे बिघडलेला संदेश तसाही पकडला जातो आणि मास्टर (प्रश्न विचारणारा, म्हणजे कंट्रोल रूममधला संगणक) पुन्हा विचारतो. हे दोन्ही मोडेमवर करा. एकाच बाजूला केलं तर दुसरा मोडेम सुरुवातीला ‘चूकदुरुस्ती येते का’ असं विचारणारी काही अक्षरं पाठवतो आणि ती थेट कंट्रोलरच्या पोटात कचरा म्हणून जातात.

मग वेग. इथे माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही, तरी लिहिते. ३३६०० बीपीएसला जोडणाऱ्या व्ही.३४ या पद्धतीच्या मोडेमना एकमेकांची लाईन जोखायला दहा-पंधरा सेकंद लागतात. २४०० चा व्ही.२२बिस त्याच्या निम्म्याहून कमी वेळात तयार असतो. १०० रजिस्टरांचं मॉडबस उत्तर २०५ बाइटचं असतं. २४०० बीपीएसला, दहा बिटांच्या अक्षरात, ते एका सेकंदाच्या आत पोचतं. थोडंच बोलायचं असेल तर हळू मोडेमच लवकर काम संपवतो, आणि खराब लाईनवर तो टिकतोही. एका टोकाला इंटरनेटवरून फोन नेणारं यंत्र मध्ये आलं असेल तर फरक आणखी वाढतो. तिथे जी.७११ कोडेक (आवाजाचे आकडे करण्याची पद्धत) ठेवायला आणि आवाज नसताना पाकिटं वगळण्याची सोय बंद करायला सांगा. वेग बांधून ठेवायची आज्ञा +एमएस. तिचे आकडे चिपनुसार वेगळे, मॅन्युअलमधूनच घ्या. कंट्रोलर आणि मोडेममधला वेगही तोच ठेवा.

मॉडबसची मूळ रीत सम पॅरिटीची, म्हणजे अक्षर ११ बिटांचं. अनेक मोडेम १० बिटांचंच अक्षर नेतात. दोन्ही टोकांना ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट करा.

फ्लो कंट्रोल, म्हणजे ‘जरा थांब, आता पाठव’ असं सांगण्याची सोय, बंद: &के०. एक्सऑन-एक्सऑफवाला सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल तर कधीच नको. त्यात १७ आणि १९ हे बाइट ‘चालू’ आणि ‘थांब’ या खुणा असतात. मॉडबसमध्ये ते साधे आकडे असतात. म्हणजे सगळं नीट चालेल, आणि ज्या दिवशी टाकीची पातळी १९ होईल त्या दिवशी मोडेम थांबेल. असला दोष कोणाला सापडत नाही.

आता शेवटचा तुकडा, तो अशासाठी की कंट्रोलरला मोडेमची बडबड ऐकू जाऊ नये. रिंग आली की मोडेम कंट्रोलरला ‘रिंग’ असे शब्द पाठवतो, आणि कंट्रोलरने काही पाठवलं तर तेच परत ऐकवतो. आधी एटी&व्ही टाकून सगळ्या किमती डोळ्यांखालून घाला, कागदावर उतरवा. मग एकाच ओळीत

एटीई०क्यू१&डब्ल्यू०&वाय०

ई० म्हणजे प्रतिध्वनी बंद, क्यू१ म्हणजे उत्तरं बंद, &डब्ल्यू० म्हणजे हे सगळं जतन, &वाय० म्हणजे वीज आल्यावर हेच उचल. यानंतर ओके येणार नाही. मोडेम मेल्यासारखा दिसतो. पुढच्या वेळी येणारा तंत्रज्ञ एटी टाकेल, काही दिसणार नाही, आणि तो चांगलं कार्ड बदलायला काढेल. त्याला न बघता एटीई१क्यू० टाकायला सांगितलं की मोडेम पुन्हा बोलू लागतो.

फोन लावणाऱ्या बाजूला उलटं: तिथे उत्तरं हवीत, एस० शून्य हवं. ऑफिसच्या एक्सचेंजमधून शून्य दाबून बाहेरची लाईन घ्यायची असेल तर त्या शून्यानंतर स्वल्पविराम द्या. एका स्वल्पविरामाला २ सेकंद. ऑफिसच्या एक्सचेंजचा डायल टोन वेगळा असतो आणि मोडेम ‘डायल टोन नाही’ म्हणून बसतो, तेव्हा एक्स३, म्हणजे डायल टोनची वाट न बघता नंबर लाव. मास्टरचा टाइमआउट १ सेकंदाचा असेल तर ३ ते ५ करा, आणि मोडेमचं ‘कनेक्ट’ हे उत्तर आल्यावर एक-दोन सेकंद थांबून मगच पहिला प्रश्न विचारायला लावा.

नंबर कोणाला माहीत नाही, म्हणजे आपण सुरक्षित आहोत असं समजू नका. एकामागून एक नंबर फिरवत मोडेम शोधणारे प्रोग्राम फार जुने आहेत, आणि मॉडबसला पासवर्ड नावाची गोष्टच नाही. जो जोडला गेला तो पंप बंद करू शकतो. कार्डात पासवर्डची सोय असेल तर लावा. कॉल-बॅक असेल तर त्याहून चांगलं: मोडेम फोन घेतो, ठेवतो आणि आधीच भरलेल्या एकाच नंबरला स्वतः लावतो. काहीच नसेल तर निदान आरटीयूच्या प्रोग्राममध्ये लिहिण्याच्या आज्ञा बंद ठेवा आणि फक्त वाचू द्या.

मग चाचण्या, आणि या मी कोणाच्याही घाईसाठी सोडत नाही. पॅनेलचा सप्लाय दहा सेकंद बंद करून चालू करा, फोन लावा, रीडिंग घ्या. हे पाच वेळा. मग कनेक्शन चालू असताना कंट्रोल रूममधल्या मोडेमची लाईन ओढून काढायला सांगा आणि ओएचच्या दिव्याकडे बघत सेकंद मोजा. सूर तिथेच थांबल्यामुळे तो तीन-चारात विझायला हवा. मग पुन्हा जोडून दोन्ही बाजूंनी गप्प बसा. दोन मिनिटांनी मोडेमने आपणहून फोन ठेवला पाहिजे. मग साध्या फोनवरून नंबर लावा, मोडेमची शीळ ऐका, काही न बोलता धरून ठेवा आणि मिनिटाभरात तो लाईन सोडतो का बघा. शेवटी सगळ्यात मोठा पंप चालू-बंद करत असताना रीडिंग घ्या. यात चुकलं तर तारांचा मार्ग बदला, सेटिंगला हात लावू नका.

निघण्यापूर्वी दाराच्या आतल्या बाजूला, प्लास्टिकच्या खिशात, एक कागद: कार्डाचा पत्ता आणि इंटरप्ट, सिरीयल वेग, एटी&व्ही ची उतरवलेली यादी, फोन ठेवलेला असताना मोजलेला व्होल्टेज आणि त्या दिवसाची तारीख. फोनचा नंबर आणि पासवर्ड त्यावर लिहू नका. आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत: ‘मोडेम उत्तर देत नसेल तर आधी न बघता एटीई१क्यू० टाका.’